दुसरी प्रत

कुमार धुमाळने पेनड्राइव्ह काढून फौजियाबाईंच्या हातात दिला आणि लॅपटॉप मिटण्यापूर्वी तीच फाइल त्याने आपल्याकडेही उतरवून घेतली. हे त्याने लपवून केले नाही, तसेच विचारूनही केले नाही. आणि फौजियाबाई मुलाणी यांच्या लेखी या दोहोंमध्ये फारसे अंतर नव्हते.

"ही दुसरी प्रत कुणासाठी?" त्यांनी विचारले.

"माझ्यासाठी, मॅडम. म्हणजे कंपनीसाठी. उद्या तुमचा पेनड्राइव्ह हरवला तर?"

"माझा पेनड्राइव्ह हरवत नाही."

"बिघडला तर?"

"बिघडला तर मी तुम्हाला फोन करीन आणि तुम्ही म्हणाल, बघा, मी सांगितलं होतं. तेवढं समाधान मी तुम्हाला देईन. प्रत देणार नाही."

कुमार हसला. प्रत मात्र त्याने पुसली नाही.

वरवे बुद्रुकच्या दूध शीतकरण केंद्रातील संगणकाच्या खोलीत, एका लोखंडी कपाटात, जाडजूड पोथीएवढा एक काळा स्विच होता. प्रयोगशाळेतील फॅटची यंत्रे, वजनकाटा, कॅमेरे आणि फाटकावरचा आकड्यांचा फलक यांच्या तारा त्याच्यात येऊन मिळत, आणि कोणाचा निरोप कोणत्या वाटेने जावा, कोणी कोणाच्या दारात डोकावू नये, हे तो ठरवी. अशा यंत्राच्या पोटात कारखान्यातूनच घातलेली जी मूळ आज्ञावली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. ती जुनी झाली की नवी घालावी लागते. आणि घालण्यापूर्वी जुनी आज्ञावली व केंद्राने स्वतः केलेल्या साऱ्या मांडण्या यांचा बॅकअप घेऊन ठेवावा लागतो, कारण नवे अंगाशी आले तर परतायला वाट हवी. त्या शुक्रवारी सकाळचे दूध आटोपून संध्याकाळचे यायच्या आत, देखभाल पाहणाऱ्या कंपनीतर्फे आलेल्या कुमारने हे सारे चाळीस मिनिटांत उरकले होते. काम चोख होते. चोख काम पाहिले की फौजियाबाईंना अधिकच सावध व्हावेसे वाटे.

या स्वभावाला कारण होते. चार वर्षांपूर्वी याच खोलीत बसणारा आधीचा ऑपरेटर काही निवडक गावांच्या दुधाचा फॅट, ज्यावर भाव ठरतो, फलकावर जाता जाता दोन-तीन दशांशांनी घटवीत असे. गुंजवण्याहून, वेल्ह्याहून कॅन घेऊन येणाऱ्या बायका फलकाकडे बघत आणि काही न बोलता जात. तेव्हा प्रयोगशाळेत साध्या साहाय्यक असलेल्या फौजियाबाईंनी यंत्रावरचे आकडे स्वतःच्या वहीत टिपून महिनाभर फलकाशी ताडून पाहिले आणि चोरी उघडकीस आणली. त्या एका संशयाने त्यांना त्या ऑपरेटरच्या जागी हे पद मिळवून दिले. त्यानंतर संशय हा आपला दोष आहे असे त्यांना सांगण्याची कोणाची छाती झाली नाही, आणि त्यांनाही तसे कधी वाटले नाही.

कुमार मोटारसायकलवरून उत्रोलीच्या वाटेला लागल्यावर फौजियाबाई स्विचसमोर, म्हणजे आपल्या टेबलावरच्या संगणकासमोर, बसल्या. एकेक पान तपासताना त्यांना एक खाते सापडले. ते कंपनीच्या नावाचे होते आणि त्याच्या आधारे पुण्यात बसून या स्विचमध्ये शिरता येत होते. त्याबद्दल कुमारने चकार शब्द काढला नव्हता.

त्यांनी ते खाते काढून टाकले. पण सेव्ह केले नाही.

हे त्यांनी समजून-उमजून केले. स्विचला सांगितलेली गोष्ट तो तात्काळ पाळू लागतो. मात्र सेव्ह म्हटल्याखेरीज कायमची ध्यानात ठेवीत नाही. वीज तुटली की मधले सारे विसरून तो मागच्या सेव्ह केलेल्या स्थितीला येतो. नवा बदल काही दिवस तसाच चालवून पाहावा, बिघडलेच तर बंद करून चालू करावे, म्हणजे तो मूळपदावर येतो, ही युक्ती त्यांना खुद्द कुमारनेच शिकवली होती. फौजियाबाईंनी तिचा उपयोग सापळ्यासारखा केला. कपाटाला इन्व्हर्टर होता. वीज तुटण्याचा प्रश्न नव्हता. कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. आता ते खाते पुन्हा उगवले, तर ते कोणीतरी उगववले असे होईल. आणि ते कोण, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

बुधवारी त्या भाचीच्या साखरपुड्यासाठी सासवडला गेल्या. गुरुवारी दसऱ्याची सुटी होती. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी संगणक लावला, आणि ते खाते जागच्या जागी होते.

ही धोक्याची खूण होती. पण सांगायचे तर त्यात एक प्रकारचा आनंदही होता. त्या शांतपणे पुढे पाहू लागल्या. स्विच सुरू होऊन एक दिवस एकोणीस तास झाले होते. म्हणजे बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास तो नव्याने सुरू झाला होता, नेमका त्या नसताना. बुधवारच्या आधीच्या नोंदींचा लॉग कोरा होता. कॅमेऱ्यांचे बुधवारी साडेबारा ते दोन या वेळचे चित्रणच नव्हते. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली होती आणि वीज मंडळाने त्या दिवशी वीज घालवली नव्हती. हे त्यांनी गावातल्या पिठाच्या गिरणीत फोन करून विचारूनही घेतले.

खाते परत आले, लॉग पुसला गेला, कॅमेरे आंधळे झाले, आणि तेही दुधाची वेळ नसताना, म्हणजे केंद्राचा दिनक्रम ठाऊक असलेल्याने केले. एका गोष्टीवर त्या किंचित अडल्या: खातेच काढलेले असताना कुमार आत शिरला कसा? पण ज्याने यंत्राचे पोट बदलले, त्याने तिथे आणखी एखादे चोरदार ठेवले नसेल कशावरून? संशयाची एक सोय असते. त्याच्या आड येणारी प्रत्येक गोष्ट त्याच्याच बाजूने साक्ष देऊ लागते.

त्यांनी केंद्र चालवणाऱ्या दूध संघाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. आधी कच्चे लिहिले. त्यात एक वाक्य होते: 'सदर खाते मी काढले होते, परंतु तो बदल सेव्ह केलेला नव्हता.' पक्के लिहिताना त्यांनी ते वाक्य गाळले. संचालकांना त्यातले काय कळणार, उगाच फाटे फुटतील, असे त्यांनी स्वतःला समजावले. 'सदर खाते मी काढले होते' इतकेच ठेवले.

केंद्राचे व्यवस्थापक सोनबा शिळीमकर यांनी पत्र दोनदा वाचले.

"मुलाणीबाई, हे गेलं तर कंपनी पोराला घरी बसवंल. पुण्यातली नोकरी सोडून भोर-वेल्ह्याचं काम मागून घेतलंय त्यानं. मग ह्या भागात कोण उभं करील त्याला?"

"फलकावरचा आकडा बदलला तर आपल्याला कोण उभं करील, साहेब?"

"बदललाय का आकडा?"

"अजून नाही."

शिळीमकरांनी पत्रावर आवक शिक्का मारला आणि एक प्रत कंपनीला धाडली. सोमवारी अकराला संचालकांची बैठक ठरली.

सोमवारी कुमार नऊ वाजताच येऊन दाराशी उभा राहिला. नेहमीप्रमाणे त्याने चहाची विचारपूस केली नाही.

"कंपनीतनं फोन आला मला. मॅडम, चार वर्षं येतोय मी हितं. आधी मला तरी विचारायचं."

"चोराला विचारून पंचनामा करत नाहीत."

"चोर?" त्याचे कान तांबडे झाले. "काय चोरलं मी? कॅन उचलून नेला का तुमचा?"

"ते खातं कुणी उघडलं?"

"मीच. त्या दिवशीच. कामाच्या कागदावर तिसऱ्या पानावर लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे."

"तिसरं पान मी वाचलंय. तिथं 'देखभालीसाठी आवश्यक ती सोय' असं लिहिलंय. दाराला सोय म्हणत नाहीत. दाराला दार म्हणतात, आणि ते घरमालकाला विचारून पाडतात."

"बरं. ती चूक माझी," तो म्हणाला. "पण तुमी म्हणता तुमी ते काढलं. मग माझं खातंच न्हाई, तर मी आत आलो कुठनं?"

"तेच तर विचारायचंय."

"बघू तरी द्या एकदा."

"हात लावायचा नाही. सांगा, मी बघते."

तो त्यांच्या खुर्चीपासून दोन हात दूर, हात पाठीमागे बांधून उभा राहिला आणि सांगत गेला. नव्या फर्मवेअरमध्ये एक पान वाढले होते, जे फौजियाबाईंनी उघडलेच नव्हते. स्विच शेवटचा कशामुळे बंद पडला, याचे कारण तिथे दिलेले असे. आज्ञेने बंद केला असता तर तसे दिसले असते. तिथे लिहिले होते: वीज तुटली.

"झालं?" कुमार म्हणाला. "पुण्यात बसून मला सगळं करता येईल, पण भिंतीवरचं बटण दाबता येणार न्हाई. वीज तुटली म्हणून तुमचा बदल गेला. लॉग बी त्याच्यातच गेला, तो काय दगडावर कोरलेला नसतो. कॅमेऱ्याच्या तारा ह्याच्यातनंच जातात, ते बी बंद. तुमी सेव्ह केलं नव्हतं का?"

"हे पान तुमच्याच फर्मवेअरमधलं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच आणलेला साक्षीदार तुमच्या बाजूने बोलतोय."

कुमार हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमच्यापुढं देव जरी उभा राहिला ना, तरी तुमी आधी त्याचं आधार कार्ड बघाल." आणि जरा थांबून, "कपाट उघडा. ते तरी मी आणलेलं न्हाई."

कपाट उघडायचे फौजियाबाईंच्या मनातही आले नव्हते. किल्ली पर्समध्ये आहे, म्हणजे कपाट बंदच आहे. जे बंद आहे ते पाहायचे कशाला? साऱ्या तपासात त्यांनी एवढी एकच गोष्ट गृहीत धरली होती. त्यांनी किल्ली काढली, आणि तिचा आवाज त्यांच्या स्वतःच्याच कानांना मोठा वाटला.

आतली धूळ पुसलेली होती. स्विचच्या काळ्या कपाळावर, दिव्यांच्या रांगेच्या जरा वर, हळदीकुंकवाचे एक नीटस बोट होते. वर झेंडूचे एक फूल सुकून पडले होते. त्याची एक पाकळी हिरव्या दिव्यावर चिकटली होती आणि दिवा तिच्याआडून लुकलुकत होता.

बुधवारी खंडेनवमी होती.

दरवर्षी त्या दिवशी सकाळचे दूध संपले की केंद्रातली यंत्रे धुऊन-पुसून, बंद करून पुजली जात, आणि संध्याकाळच्या दुधापर्यंत त्यांना कोणी हात लावीत नसे. फक्त दूध गार ठेवणारे कॉम्प्रेसर चालू ठेवीत. फौजियाबाईही दरवर्षी प्रसादाचा पेढा घेत आल्या होत्या. मात्र ही पूजा आजवर या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच राहिली होती, कारण खोलीला कुलूप असे आणि कुलपाच्या किल्ल्यांवर फौजियाबाई असत. 

शिळीमकरांकडे खोलीची आणि कपाटाची दुसरी किल्ली होती. त्यांना बोलावताच ते कपाटात डोकावले आणि त्यांनी जीभ चावली. "सखूबाईनं मागितली होती. पुसायचंय म्हणाली. मी दिली. त्यात काय एवढं, म्हटलं."

सखूबाई केंद्राची झाडलोट करी. धरणाखाली शेत गेल्यावर गुंजवण्याहून इकडे येऊन राहिलेली, साठीला टेकलेली बाई. ती ओले हात पदराला पुसत आली, आणि सगळे कपाटाकडे बघत आहेत असे पाहून तिचा चेहरा उजळला.

"दिसलं व्हय ताई? म्हटलं, तुमी काईच बोलला न्हाई, रागावला का काय."

"मावशी, हे तुम्ही केलंत?"

"मग! काट्याची झाली, मशिनींची झाली, त्या बोर्डाची सुदिक झाली. ह्यो बिचारा वरीसभर राबतो, आन दरसाल ह्यालाच इसरत्यात. तुमी सासवडला गेल्याल्या. म्हटलं, ताईंच्या वाटची पूजा आपन करू."

"आणि बंद कुणी केला?"

"म्याच की. चालत्या हत्याराला कुंकू लावत्यात व्हय? आमच्यात कोयता, फाळ, सगळं पुजलं की त्या दिशी उचलायचंच न्हाई. पर ह्याला दिसभर कसं ठिवायचं, सांजचं दूध येतंय. म्हनून दीड तास इसावा दिला. बटान बंद केलं, नारळ दावला, दोनाला परत लावलं." मग एकाएकी तिच्या आवाजातला जोर ओसरला. "काय बिगाडलं का?"

कुमारने तोंड भिंतीकडे फिरवले. तो हसतो आहे की आणखी काही, हे फौजियाबाईंना कळेना.

"काही बिघडलं नाही, मावशी," त्या म्हणाल्या. 

सखूबाई गेल्यावर शिळीमकरांनी दार लोटले. "बाई, आता असं करू. इन्व्हर्टर अडकला होता म्हणून सांगू. पत्र मागं घेतलं म्हणायचं. कुमार सुटला, म्हातारी सुटली, माझी किल्ली सुटली, आन तुमचं नाव बी राहिलं."

सूचना वाईट नव्हती. उलट ती इतकी सोयीची होती, की फौजियाबाईंना सवयीने तिचाही संशय आला. आणि या वेळी त्या संशयाचे बोट सरळ त्यांच्याकडेच वळले. चार वर्षांपूर्वीच्या त्या ऑपरेटरने तरी आकड्यांचे काय केले होते? यंत्राने सांगितलेल्यातले थोडे गाळून, जे आपल्याला हवे तेवढेच फलकावर लावले होते. त्यांनी टेबलाच्या खणातून कच्चे पत्र काढले. गाळलेले वाक्य तिथे होते, स्वच्छ आणि वळणदार अक्षरात.

बैठकीत अध्यक्ष चिमाजीअण्णा मध्ये बसले होते. दोन्ही बाजूंना पाच संचालक होते आणि भिंतीला पाठ लावून कुमार उभा होता. फौजियाबाईंनी पक्के पत्र बाजूला ठेवले आणि कच्चे वाचले. सेव्ह न केल्याचे वाक्य आले तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचले. मग ते गाळले होते, हे सांगितले. का गाळले, हेही सांगितले. पूजेचे त्या म्हणाल्या, "तो दिवस केंद्राच्या रिवाजाचा होता. बंद केल्यावर यंत्र काय विसरेल हे फक्त मला ठाऊक होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून यात सखूबाईंकडे बोट दाखवता येणार नाही. शिळीमकर साहेबांकडेही नाही."

चिमाजीअण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजे चोर न्हवताच."

"नव्हता."

"आन सापळा तुमी लावला, त्यो बी न सांगता."

"हो, अण्णा."

"त्यात घावलं कोन? तुमीच." एक संचालक फिदिफिदी हसला; अण्णांनी त्याच्याकडे पाहिले तेव्हा थांबला. "बाई, चार वर्सामागं तुमी नसता तर ह्यो संघ ऱ्हायला नसता. ते आमी इसरलो न्हाई. पर त्या टायमाला तुमी आकडं दावलं हुतं. ह्या टायमाला मानूस दावला."

फौजियाबाई उभ्याच होत्या. हे ऐकताना मान खाली घालावी असे त्यांना वाटले. पण घातली नाही.

"तक्रार मागे घेतल्याचं पत्र आजच कंपनीला जाईल," त्या म्हणाल्या. "त्यात हे सगळं असेल. मात्र एक अट त्यातही राहील. बाहेरून आत येण्याचं खातं केंद्राच्या लेखी परवानगीखेरीज उघडायचं नाही. तेवढं माझं म्हणणं चुकीचं नव्हतं."

"न्हवतं," भिंतीकडून कुमार म्हणाला. "ते बरोबर हुतं."

बैठकीनंतर दोघे पुन्हा खोलीत आले. कुमारने खुर्ची ओढून घेतली नाही. फौजियाबाईंनी पुढे केली तेव्हा बसला. त्यांनी कंपनीचे खाते काढले आणि या वेळी त्याच्यादेखत सेव्ह केले. मग नव्या मांडणीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला, त्यावर चिकटपट्टी लावून तारीख घातली, आणि दुसरा एक कोरा पेनड्राइव्ह काढून तीच फाइल त्यावरही उतरवली.

"हे काय?"

"दुसरी प्रत. तुमच्याकडे राहू दे. माझा हरवला तर."

कुमारने तो घेतला, बोटांत फिरवला. "तुमचा हरवत न्हाई."

"नाही," फौजियाबाई म्हणाल्या. "पण मी गाळते कधी कधी."

त्याने पेनड्राइव्ह खिशात घातला. चहा येत होता, पण तो थांबला नाही; वेल्ह्याच्या पतसंस्थेत काम आहे म्हणाला. ते खरे असेल किंवा नसेल. खिडकीतून त्याची मोटारसायकल फाटकाबाहेर पडताना दिसली, तेव्हा फलकाखाली दोन बायका कॅन टेकवून आकडा वाचत होत्या.

फौजियाबाईंनी कपाट लावायला घेतले. पाकळी त्यांनी दिव्यावरून अलगद काढली, कारण दिवा दिसायला हवा होता. कुंकवाचे बोट मात्र तसेच ठेवले. मग दाराच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवून त्यावर लिहिले: 'खंडेनवमीला स्विच बंद करण्यापूर्वी मुलाणी यांना सांगणे. त्या आधी सेव्ह करतील.' खाली सही केली. लिहिलेले वाचताना त्यांच्या ध्यानात आले, की सखूबाईंना वाचता येत नाही.

त्या उठल्या आणि तिला शोधायला बाहेर गेल्या.